प्रोसेसरची ओळखपरेड

विंडोज ९८ च्या काळात कॉम्प्युटर विकत घेतला की एक विधी असे. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. समोर एक राखाडी खिडकी उघडायची आणि तिच्या उजव्या बाजूला, विंडोजच्या आवृत्तीखाली, दोन ओळी दिसायच्या : ‘जेन्युइनइंटेल’ आणि तिच्याखाली ‘पेंटियम टू प्रोसेसर’. वर्धा जिल्ह्यासारख्या भागात ब्रँडेड मशीन घेणारे थोडे. बहुतेकांचा पीसी असेंबल केलेला. सुटे भाग नागपूरहून यायचे, नागपूरला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. मधल्या वाटेवर कुणी काय बदललं हे डबा उघडूनही कळत नसे, कारण प्रोसेसर पंख्याखाली दडलेला आणि त्याच्यावरचा छाप खरवडून नवा मारण्याचा धंदा जगभर जोरात होता. कमी वेगाची चिप घ्यायची, जुना आकडा पुसायचा, मोठा आकडा छापायचा. याला ‘रिमार्किंग’ म्हणत. म्हणून गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता त्या खिडकीकडे बघे.

‘जेन्युइनइंटेल’ ही ओळ विंडोजच्या पदरची नव्हती. विंडोजने प्रोसेसरला विचारलं होतं, ‘तू कोण?’ आणि उत्तर प्रोसेसरने स्वतः दिलं होतं. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण पीसीची पहिली दहा-बारा वर्षं चिपला हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. सोय झाली तेव्हा तिच्यातून जे निघालं, त्याचा माग लॅमिंग्टन रोडवरून अमेरिकेच्या न्यायालयांपर्यंत आणि तिथून परत आपल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत येतो.

आधी त्या मुक्या काळाबद्दल. १९७८ मध्ये इंटेलचा ८०८६ आला. मग ८०८८, ८०१८६, ८०२८६, आणि १९८५ मध्ये ३८६. प्रत्येक नवा प्रोसेसर जुन्याचे सगळे आदेश पाळायचा, शिवाय थोडे नवे शिकून यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होती. नवे आदेश वापरावेत तर जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम कोसळणार, न वापरावेत तर नव्या यंत्राचा उपयोग काय? चालू होताक्षणी आपण कुठल्या चिपवर आहोत हे प्रोग्रॅमला कळायला हवं होतं, आणि चिप तर बोलत नव्हती. मग चालीवरून माणूस ओळखावा तसा प्रोसेसर ओळखण्याच्या युक्त्या निघाल्या.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध युक्ती फ्लॅग रजिस्टरची, म्हणजे प्रोसेसर स्वतःच्या स्थितीच्या खुणा ज्या छोट्या जागेत ठेवतो तिची. त्याचे वरचे चार बिट ८०८६ मध्ये कायम १ असायचे, काहीही करा. २८६ मध्ये, साध्या डॉसच्या अवस्थेत, तेच चार बिट कायम ०. आणि ३८६ मध्ये त्यांतले काही बदलता येत. म्हणजे प्रोग्रॅमने तिथे काहीतरी लिहायचं, लगेच परत वाचायचं, आणि आपलं लिहिलेलं टिकलं की पुसलं गेलं यावरून पिढी ठरवायची. ४८६ आला तेव्हा याच रजिस्टरच्या विस्तारात अठरावा बिट नवा होता. तो उलटा-पालटा करता आला तर ४८६, नाहीतर ३८६.

दुसरी युक्ती स्टॅकची. स्टॅक पॉइंटरलाच स्टॅकवर ढकलण्याचा आदेश दिला तर ८०८६ तो कमी केल्यानंतरची किंमत लिहायचा आणि २८६ कमी करण्यापूर्वीची. इंटेलने पुढे सुधारलेली ही एक विसंगती, पण ओळख पटवणाऱ्यांना ती जन्मखुणेसारखी उपयोगी पडली.

खरी कमाल ८०८६ आणि ८०८८ वेगळे काढण्यात होती. आतून दोघे सारखेच. फरक एवढाच की ८०८६ बाहेरच्या मेमरीशी सोळा बिटांनी बोलायचा आणि ८०८८ आठ बिटांनी. आदेशांच्या पातळीवर दोघांत काहीच भेद नाही. पण पुढचे आदेश आधीच आणून ठेवण्याची रांग ८०८६ मध्ये सहा बाइटची होती आणि ८०८८ मध्ये चार बाइटची. तेव्हा प्रोग्रॅमरांनी असा प्रोग्रॅम लिहिला की जो धावता धावता स्वतःच्याच पुढचा, पाचेक बाइट अंतरावरचा आदेश बदलायचा. जुना आदेश आधीच रांगेत आलेला असेल तर तोच चालणार, म्हणजे रांग लांब, म्हणजे ८०८६. नवा चालला तर ८०८८. स्वतःच्या पायाखालची फळी काढून घेऊन आपण पडतो का ते बघण्याचा हा प्रकार. पण तो चालला, आणि वर्षानुवर्षं चालला.

गणिती सहप्रोसेसर आहे की नाही हे शोधण्याची पद्धत त्या मानाने सरळ होती. तो लागायचाही खूप, ऑटोकॅडसारख्या प्रोग्रॅमांचं त्याच्यावाचून अडायचं. मेमरीत एक निरर्थक आकडा ठेवायचा, सहप्रोसेसरला ‘तुझी स्थिती इथे लिही’ म्हणायचं आणि बघायचं. आकडा तसाच राहिला तर सॉकेट रिकामं.

हे सगळं करावं लागत होतं तेव्हा ३८६ च्या पोटात त्याची ओळख होतीच, हा यातला विनोद. यंत्र चालू झाल्या झाल्या तो डीएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये आपला प्रकार आणि आवृत्ती ठेवायचा. पण ती दिसायची फक्त सर्वांत आधी धावणाऱ्या बायॉसला. डॉस येईपर्यंत आणि तुमचा-आमचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत ते रजिस्टर शंभरदा वापरून झालेलं असे. ही माहिती किती महत्त्वाची होती ते १९८७ मध्ये कळलं. ३८६ च्या काही तुकड्यांत ३२ बिटांचा गुणाकार अधूनमधून चुकत होता. इंटेलने चिपा तपासून चांगल्यांवर दोन सिग्मा छापले आणि वाईटांवर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअर’. तो छाप माणसाला वाचता येत होता. प्रोग्रॅमला नाही.

मग बाजारात एक वेगळीच कुस्ती लागली. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने ३८६ ची आपली नक्कल आणली आणि तिचंही नाव ३८६ च ठेवलं. इंटेल कोर्टात गेलं. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने सांगितलं की ‘३८६’ हा नुसता आकडा कुणाच्या मालकीचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. त्यामुळे ४८६ नंतरच्या चिपचं नाव ५८६ झालं नाही. ते ‘पेंटियम’ झालं आणि २२ मार्च १९९३ ला ती बाजारात आली. एकतीस लाख ट्रान्झिस्टर, वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्‌झ.

या चिपच्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले. घर पंजाबी, फाळणीत रावळपिंडीहून आलेलं. शिक्षण दिल्लीत, पुढे सिनसिनाटीत. १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये गेले आणि तिथे फ्लॅश मेमरीच्या तंत्रावर केलेल्या कामासाठी आधी ओळखले गेले. वृत्तपत्रं त्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात, २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषणही जाहीर झालं. चिपच्या रचनेचं श्रेय जॉन क्रॉफर्ड आणि डोनाल्ड अल्पर्ट यांच्याकडेही जातं. एवढ्या मोठ्या वस्तूला एकच बाप असण्याची शक्यता कमी असते, पण पुण्याचा संबंध आहे म्हटल्यावर आपली वृत्तपत्रं तो सोडतील कशी?

पेंटियमसोबत एक नवा आदेश रुळला : सीपीयूआयडी. नंतर निघालेल्या काही ४८६ मध्येही तो होता. तो आहे की नाही हे बघायचं तर त्याच जुन्या फ्लॅग रजिस्टरचा एकविसावा बिट उलटवून पाहायचा. उलटला तर विचारा, चिप बोलेल. म्हणजे नव्या युगात शिरायलासुद्धा जुनी युक्ती एकदा वापरावीच लागली.

आदेश दोन बाइटचा. शून्य देऊन विचारलं की चिप निर्मात्याचं नाव सांगते : बारा रोमन अक्षरं, तीन रजिस्टरांत चार-चार करून. एक देऊन विचारलं की कुळ, मॉडेल, आवृत्ती आणि सोबत बिटांची एक यादी : सहप्रोसेसर आहे का, एमएमएक्स आहे का, अमुक आहे का, तमुक आहे का. रजिस्टरांचा क्रम मात्र कुणाच्या डोक्यातून आला कोण जाणे. नाव बी, डी, सी असं वाचावं लागतं. सरळ बी, सी, डी वाचलं तर ‘जेन्युइनइंटेल’चे तुकडे उलटसुलट होतात, आणि हा घोटाळा न केलेला असेंब्ली प्रोग्रॅमर विरळा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. हा आदेश द्यायला कसलाही अधिकार लागत नव्हता. प्रोसेसरच्या आत खरी सत्ता ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असते. सामान्य प्रोग्रॅमला तिथलं फारसं काही वाचू दिलं जात नाही. तापमान, वेगाची नियंत्रणं, खास रजिस्टरं ही गाभ्याची मिरास. सीपीयूआयडी मात्र खुला. पत्त्यांचा खेळ असो, कर्ज-हप्त्यांचा हिशेब असो, की व्हायरस असो, कुणीही विचारावं. सगळेच तसं करत नाहीत. एआरएमच्या चिपांत ओळखीचं रजिस्टर सामान्य प्रोग्रॅमला बंद असतं. लिनक्स ते गुपचूप वाचून देतो. आपल्या सी-डॅकने ज्या खुल्या आरआयएससी-व्ही आराखड्यावर ‘वेगा’ प्रोसेसर केले, त्यातही निर्मात्याची ओळख सर्वांत आतल्या पातळीलाच दिसते, बाकीच्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करायची. इंटेलने दार उघडं ठेवलं ते सोयीसाठी, आणि सोय झालीच.

दोन वर्षांच्या आत तिचा पहिला मोठा उपयोग झाला, तोही इंटेलला लाजवणारा. १९९४ मध्ये व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळलं की पेंटियमचे काही भागाकार चुकतात. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं, यायचं १.३३३७४. आधी कंपनीने फार मनावर घेतलं नाही. मग ओरड झाली, आणि २० डिसेंबर १९९४ ला मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर करावं लागलं. खर्च ४७.५ कोटी डॉलर. आता घराघरातला प्रश्न एकच होता : माझी चिप त्यांतलीच का? उत्तर सीपीयूआयडीच्या आवृत्तीच्या आकड्यात किंवा सरळ तो भागाकार करून बघण्यात होतं. लिनक्सच्या प्रोसेसर-माहितीच्या पानावर ‘एफडीआयव्ही दोष : नाही’ अशी ओळ त्यानंतर वर्षानुवर्षं दिसत राहिली.

एव्हाना सीपीयूआयडीला उत्तर देणाऱ्यांची गर्दी झाली होती. बारा अक्षरांत प्रत्येकाने आपला स्वभाव ओतला. एएमडीने ‘ऑथेंटिकएएमडी’ म्हणून इंटेलच्या ‘जेन्युइन’ला शब्दाला शब्द दिला. सायरिक्सने ‘सायरिक्सइन्स्टेड’ म्हणून, ‘त्यांच्याऐवजी आम्हाला घ्या’ असं उघडच सांगितलं. सेंटॉर कंपनी ‘सेंटॉरहॉल्स’ झाली. राइज नावाच्या कंपनीला बारा अक्षरं भरायला सुचेना, तिने आपलं नाव तीनदा लिहिलं. नेक्सजेनचं उत्तर ‘नेक्सजेनड्रिव्हन’. १९९५ मध्ये विनोद धाम इंटेल सोडून या नेक्सजेनमध्ये गेले, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एएमडीने नेक्सजेन विकत घेतली, आणि तिथे तयार होत असलेल्या चिपेतून एप्रिल १९९७ मध्ये के-सिक्स आला. पुण्यात जन्मलेल्या एकाच माणसाच्या हाताखालून गेलेल्या दोन चिपा त्या राखाडी खिडकीत एकदा ‘जेन्युइनइंटेल’ म्हणाल्या आणि एकदा ‘ऑथेंटिकएएमडी’.

नाव सांगणं एवढं सोपं झालं की लोक कर्तृत्वाऐवजी नावच बघू लागले. बिटांची यादी समोर असताना काही प्रोग्रॅम आधी निर्मात्याचं नाव बघायचे. इंटेलच्या स्वतःच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, हाच आरोप होता : त्यातून निघालेला प्रोग्रॅम ‘जेन्युइनइंटेल’ दिसलं तर वेगवान वाट धरतो, नाहीतर संथ, मग समोरची चिप किती का सक्षम असेना. २००८ मध्ये व्हीआयए कंपनीच्या नॅनो या चिपवर हे उघड्यावर आलं. त्या चिपचं बारा अक्षरांचं नाव बदलता यायचं. परीक्षकांनी ते ‘जेन्युइनइंटेल’ करून एक लोकप्रिय चाचणी परत चालवली, तर मेमरीचे गुण जवळपास ४७ टक्क्यांनी वाढले. चिप तीच, फक्त नाव दुसऱ्याचं. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात समेट झाला, इंटेलने सव्वा अब्ज डॉलर दिले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीही तडजोड झाली आणि कंपायलरच्या या वागणुकीची माहिती ग्राहकांना देणं इंटेलला बंधनकारक झालं.

पण या सगळ्यात चिप आपली जातच सांगत होती. कोणत्या घरची, कोणत्या पिढीची. १९९९ मध्ये इंटेलने तिला आणखी एक उत्तर शिकवलं, आणि वादळ उठलं.

त्या वर्षीच्या जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की पेंटियम थ्रीच्या प्रत्येक चिपमध्ये ९६ बिटांचा एक क्रमांक असेल, जगात दुसऱ्या कुठल्याही चिपला नसलेला. सीपीयूआयडीला तीन देऊन विचारलं की तो मिळेल. त्याचे वरचे ३२ बिट म्हणजे जुनीच जात-पिढी. खालचे ६४ म्हणजे नेमकी ही चिप. कारणं वाईट नव्हती : इंटरनेटवर खरेदी सुरक्षित होईल, कंपन्यांना आपल्या हजारो यंत्रांचा हिशेब ठेवता येईल. रिमार्किंगवाल्यांनाही आळा बसेल असं मानणारे होते.

मग वादळ कशासाठी, ते कापसाच्या एका जुन्या उदाहरणावरून कळेल. १९व्या शतकात ‘हिंगणघाट’ ही लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या वर्ध्याकडच्या कापसाची एक मानाची प्रत होती. गाठीवर ते नाव असलं की भाव चढा मिळे, आणि म्हणून दुसऱ्या कापसावर ते नाव मारणारेही निघत. माल हिंगणघाटचा आहे एवढं खरेदीदाराला कळावं, हे रास्तच. पण कपडा घालून फिरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून तो कापूस कुणाच्या वावरातला, कुणी वेचला हे वाटेवरच्या कुणालाही वाचता यावं असं कुणी म्हटलं असतं तर? इंटेलने सुचवलेलं नेमकं हेच होतं. क्रमांक विचारायला कुणाचीही परवानगी नको, कारण सीपीयूआयडी खुला. वेबसाइटने काही छोटा प्रोग्रॅम तुमच्या यंत्रावर उतरवला की तो विचारणार, आणि आज या नावाने आलेला माणूस उद्या त्या नावाने आला तरी एकच आहे हे कळणार.

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या संघटनांनी आठवडाभरात बहिष्काराची हाक दिली. ‘इंटेल इनसाइड’च्या स्टिकरवरून ‘बिग ब्रदर इनसाइड’ अशी मोहीम निघाली. ॲरिझोनाच्या एका आमदाराने अशा चिपांवर बंदीचं विधेयक आणलं. इंटेलने लगेच सांगितलं की क्रमांक मुळात बंद ठेवू, आणि एकदा बंद केला की यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय तो उघडणार नाही. पेंटियम थ्री फेब्रुवारीच्या अखेरीस आला. त्याआधीच जर्मनीच्या ‘सीटी’ या नियतकालिकाने दाखवून दिलं की तो सॉफ्टवेअरने परत उघडता येतो. मार्चमध्ये कॅनडाच्या झीरो-नॉलेज कंपनीने तेच इंटरनेटवरून करून दाखवलं. तेव्हा सिमँटेकने आपल्या अँटिव्हायरसच्या यादीत त्यांच्या प्रात्यक्षिकालाच घातक म्हणून टाकलं. युरोपच्या संसदेपर्यंत प्रकरण गेलं. एप्रिल २००० मध्ये इंटेलने माघार घेतली : पुढच्या चिपेत हा क्रमांक नसेल. पेंटियम फोरमध्ये तो नव्हता. सीपीयूआयडीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकाची जागा इंटेलच्या चिपांत आजही ‘राखीव’ म्हणून रिकामी आहे.

आपल्याकडे यातलं फार काही पोचलं नाही. इथे क्रमांकापेक्षा मशीन चालतं का, ही काळजी मोठी होती. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. तिथेही मुलं राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायला शिकली.

क्रमांकाचा प्रश्न आपल्याकडे आला तो दहा वर्षांनी, दुसऱ्या दाराने. तोवर वर्ध्यात, पुलगावात, आर्वीत कॉम्प्युटरपेक्षा मोबाइल कितीतरी पटीने झाले होते आणि त्यांतले बरेच चिनी बनावटीचे : दोन सिम, मोठा स्पीकर, किंमत ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी. प्रत्येक मोबाइलला पंधरा आकडी आयएमईआय असतो. *#०६# दाबलं की तो पडद्यावर येतो. या स्वस्त संचांत मात्र काहींमध्ये नुसती शून्यं होती, काहींमध्ये हजारोंचा एकच क्रमांक. सुरक्षेच्या कारणावरून केंद्राच्या दूरसंचार खात्याने कंपन्यांना फर्मावलं की वैध क्रमांक नसलेल्या संचांची सेवा ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करा. मुदत आधी वाढली होती, या वेळी नाही.

सोबत एक उपायही होता. मोबाइल सेवा कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने देशभर केंद्रं उघडली, तिथे १९९ रुपये देऊन संचात खरा क्रमांक बसवून मिळे. योजनेचं नावच ‘जेन्युइन आयएमईआय इम्प्लांट’. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानांत लोक *#०६# दाबून आपापला पडदा दाखवत होते. १९९९ मध्ये ज्या गोष्टीवरून इंटेलला माघार घ्यावी लागली, तिच्यासाठी दहा वर्षांनी लोक पदरचे पैसे मोजून रांगेत होते. यात लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्याचा फोन उद्यापासून मुका होणार, तो गोपनीयतेवर व्याख्यान ऐकायला थांबत नाही. पण कॉम्प्युटरच्या क्रमांकावर संतापणारं जग आणि मोबाइलच्या क्रमांकाला मान डोलावणारं जग यांत फक्त दहा वर्षांचं अंतर आहे, आणि या दहा वर्षांत क्रमांक अधिक निरुपद्रवी झाला नव्हता. उलट कॉम्प्युटर निदान घरात टेबलावर असायचा, फोन खिशात फिरतो.

या क्रमांकाच्या गोष्टीतली पुढची नोंद सप्टेंबर २०१९ ची. त्या महिन्याच्या सुरुवातीला गुगलने अँड्रॉइड १० आणलं आणि साध्या ॲपना आयएमईआय वाचण्याची वाट बंद केली. तोवर टॉर्च लावण्याचं ॲपसुद्धा फोनची परवानगी मागून तो क्रमांक घेऊन जाई. त्याच महिन्यात मुंबईत केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सीईआयआर या मध्यवर्ती नोंदवहीचा महाराष्ट्रातला प्रयोग सुरू केला. चोरीला गेलेल्या फोनचा आयएमईआय तिथे नोंदवायचा, मग तो संच कुठल्याही सिमवर, कुठल्याही कंपनीच्या जाळ्यावर आला तरी अडवता येतो. २०२३ मध्ये ही सोय संचार साथीच्या नावाने देशभर झाली. फोन हरवला की त्या नोंदीसाठी पोलिसांच्या तक्रारीसोबत आयएमईआय लागतो, आणि तो बहुतेकांना पाठ नसतो. मग घरातले फोनच्या रिकाम्या डब्याचा किंवा बिलाचा शोध सुरू करतात. *#०६# दाबायला फोनच हातात नसतो.